बबितानं न गायलेलं गाणं

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी चाललं होतं, आणि कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली त्याला बराच वेळ झाला होता. नेरहून बोरी अरबकडे निघालेली एसटी आता नाल्याच्या अलीकडे, एका चहाच्या टपरीसमोर, डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी निवांत उभी होती. उतारू खाली उतरले. कुणी चहा मागवला, कुणी पाण्याकडे पाहत अंदाज बांधू लागलं. श्रावणातलं ऊन मध्येच बाहेर आलं, सगळ्यांची फजिती पाहून घेतली आणि परत ढगात गेलं.

टपरीच्या बाकड्यावर एक मुलगी बसली होती. तोंडाला स्कार्फ, असा घट्ट की फक्त डोळे दिसावेत. आमच्या भागात उन्हाळ्यात सगळ्याच पोरी असा स्कार्फ बांधतात, त्यामुळे कुणी वळून पाहिलं नाही. भर श्रावणात तो कशाला, असं मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नाही, आणि ते बरंच झालं. कारण ती बबिता आडे होती.

बबिता आडे कोण, हे कुठल्याही तांड्यावर जाऊन विचारा. बोरी अरबजवळच्या तिच्या तांड्यात, घरासमोरच्या अंगणात उभं राहून ती बंजाऱ्यांच्या गोरबोलीतली गाणी म्हणते आणि फोनवर टाकते. ना स्टुडिओ, ना पेटी. एका गाण्यात तर मागून बकरी आली, आणि बबिताला हसू फुटलं, तरी गाणं तिनं सोडलं नाही. ती बकरीसुद्धा आता प्रसिद्ध आहे. लाखो लोकांनी ऐकलं, दूरदूरच्या तांड्यांवरून बायका फोन करायच्या, लग्नांत तिचं गाणं वाजायचं. आणि आता त्याच लोकांपासून तोंड लपवत ती नेरला जाऊन आली होती.

"ताई, जराशा सरकता काय? पंप ठेवाचा होता."

फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला एक शिडशिडीत मुलगा समोर उभा होता. केस भिजलेले, चेहऱ्यावर कसलीच घाई नाही. बबिता सरकली. त्यानं पंप पायाशी ठेवला, हात शर्टाला पुसले, फोन काढला... आणि बबिताला स्वतःचा आवाज ऐकू आला.

आपलाच आवाज आपल्या शेजारून यावा आणि आपलं तोंड मात्र मिटलेलं असावं, हे किती विचित्र असतं! तो व्हिडिओ तिनं आठवडाभरात कितीदा तरी पाहिला होता. पडद्यावरची बबिता हिरव्या टेकडीवर उभी होती, ढग तिच्या पावलांशी लोळत होते. आरशांनी लखलखणारी कांचळी, फेटियाचा घेरदार घागरा, कानांजवळ केसांतून झुलणारी चांदीची घुगरी-टोपली. आणि ती गात होती —

*वाट भिजली, पाऊल भिजलं,*
*येशील तं भिजत ये…*

सुंदर होतं ते. तोच तर सगळा घोटाळा होता. बबिता आयुष्यात कधी इतकी सुंदर दिसली नव्हती, आणि हे गाणं तिनं आयुष्यात कधी गायलं नव्हतं.

"पाहता काय ताई?" मुलानं फोन तिच्याकडे धरला. "आपल्या इकडचीच आहे. बबिता आडे."

"आयकलं नाव," ती आवाज जाड करून म्हणाली. "नवीन गानं आहे काय तिचं?"

"नवीनच. म्हणजे..." तो ओठांतल्या ओठांत हसला. "म्या बनवलं."

पहिल्या वेचणीचा कापूस दाखवावा, तशा कौतुकानं तो हे म्हणाला. बबिताचा चहा तसाच हातात राहिला. व्हिडिओ टाकणाऱ्या पेजचं नाव होतं 'बबिता आडे फॅन क्लब, नेर'. तेवढ्याच धाग्यावर ती सकाळपासून नेरची मोबाइलची दुकानं पालथी घालत फिरली होती. कुणालाच हा माणूस ठाऊक नव्हता. सापडला तर काय काय सुनवायचं, हे तिनं दोन भाषांत पाठ करून ठेवलं होतं. आणि आता तो हा असा, मांडीला मांडी लावून बसलेला! शिव्या कुठे गेल्या कोण जाणे. हा किती खोल पाण्यात शिरतो ते आधी पाहू, असं तिनं ठरवलं.

"म्हणजे खोटा आहे व्हिडिओ."

"खोटा नाही, ताई. चेहरा तिचाच. आवाज तिचाच. फक्त... गायली ते नाही."

"चेहरा तिचा, आवाज तिचा, अन् ते नाही. मंग खोटं याच्याहून येगळं काय असते?"

त्यानं कान खाजवला.

"तिले विचारलं होतं?"

"तिले? ते कुठं, म्या कुठं. मोठ्या लोकाइले कोन विचारते ताई? असल ते आता कुठं तरी स्टुडिओत," तो पाण्याकडे पाहत म्हणाला.

स्कार्फच्या आत बबिताला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

"गानं कोनं लिहिलं?"

आता मात्र त्याचे कान लाल झाले. "म्याच."

"'येशील तं भिजत ये'... कोनाले बोलावून राह्यली ते?"

"कोनाले म्हणजे... गान्यात कोनी तरी लागतेच ना."

"तुमच्याजवळ छत्री नाही वाटते."

"नाही," तो सरळपणानं म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं मान खाली घालून पंपाची नळी उगाच नीट केली.

मग तोच हळू आवाजात बोलू लागला.

"एक सांगू ताई? एआय म्हनतात त्या मशीनले सगळं जमते. पन मशीन श्वास नाही घेत. गानं बनलं, तं मले कसंसंच वाटे, काही तरी मेलेलं वाटे त्याच्यात. मंग तिचं ते बकरीवालं गानं आहे ना, त्याच्यात हसू दाबताना तिनं एक श्वास घेतला आहे. तेवढा म्या काढला अन् इथं लावला. आयका... हे. बाकी सगळं माहं आहे, पन हे खरं आहे."

त्यानं फोन तिच्या कानाशी नेला. दोन ओळींच्या मधोमध, अगदी इवलासा, एक श्वास.

बबितानं तो ओळखला. ती संध्याकाळ, ती बकरी, चुलीचा धूर, सगळं त्या श्वासात होतं. इतकी वर्षं लोकांनी तिच्या आवाजाचं कौतुक केलं होतं, डोळ्यांचं केलं होतं. तिच्या श्वासाकडे कधी कुणी लक्ष दिलं नव्हतं, तिनंसुद्धा. आणि या माणसानं आपल्या कुठल्याशा खोलीत बसून, गाणं पुन्हा पुन्हा मागे नेत, ती नेमकी कुठे थांबते ते शोधून काढलं होतं. तिच्या अंगावर काटा आला. तो रागाचा की आणखी कशाचा, ते तिला कळेना.

"अन् डोक्याले काय घातलं तिच्या?" ती मुद्दाम तुटकपणे म्हणाली.

"बंजारा दागिना. नेटवरच्या फोटोत होता. शोभते ना?"

"त्याले घुगरी-टोपली म्हनतात. लग्न झालेल्या बाया घालतात."

त्याचा अंगठा पडद्यावर तसाच थांबला.

बबितानं पिन काढली आणि स्कार्फ सोडला.

त्यानं तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. तिच्या डाव्या गालावर लहानपणच्या कांजण्यांचा एक व्रण होता. मशीननं तो पुसून टाकला होता. तो त्या व्रणाकडेच पाहत राहिला, जणू जगात आता दुसरं काही पाहण्यासारखं उरलं नव्हतं.

"बोला," बबिता म्हणाली. "तसंही माह्या तोंडानं तुमीच बोलता."

त्यानं फोन पालथा करून बाकड्यावर ठेवला.

मग तिनंच सांगितलं. उद्या तांड्यावर तीज बसते. वारुळाची माती आणायची, दुरडीत गहू पेरायचे, रोज पाणी घालायचं, रोज त्यांच्याभोवती गायचं. हा लग्न न झालेल्या पोरींचा सण. लग्न झालं की दुरडी सुटली ती कायमची, म्हणून तर पोरी तीजेची वाट पाहतात आणि सरताना रडतात. आणि या व्हिडिओत बबितानं घुगरी-टोपली घातलेली साऱ्या तांड्यांनी पाहिली. पोरीनं गुपचूप लग्न केलं म्हणतात. बाप चौकात बसायचा बंद झाला. आणि धावजी नायकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, सांगितलंय की हिची दुरडी इतर पोरींच्या दुरड्यांत ठेवायची नाही.

"माह्या मैत्रिणी पेरतीन," बबिता म्हणाली, आणि इथे तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "अन् म्या दारातून पाहीन. तेच गानं, जे म्याच त्याइले शिकवलं."

तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "आत्ताच काढून टाकतो. अन् दुसरा बनवतो, आजच. त्याच्यात तुमीच सांगसान, की हे खोटं आहे, की माहं लग्न—"

"म्या सांगीन? की तुमी सांगसान, माह्या तोंडानं?"

त्यानं फोन उचलून खिशात टाकला.

"नाव काय तुमचं?"

"नयन. नयन गावंडे."

"नयनभाऊ, तुमाले तोंड नाही काय स्वतःचं?"

"आहे... पन माहा आवाज लय बारीक आहे. शाळेत पोरं हसत. म्या कधी स्वतःचा व्हिडिओ..."

"माहा मोठा आहे. म्हणून तुमी तो घेतला."

पाणी उतरलं होतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बबिता गाडीत चढली आणि खिडकीशी बसली, यावेळी स्कार्फ न बांधता. नयन गाडीत चढलाच नाही. पंप पायाशी घेऊन तो टपरीवरच बसून राहिला होता.

संध्याकाळी फॅन क्लबच्या पेजवर एक नवा व्हिडिओ आला. टेकडी नाही, ढग नाहीत. गोठ्याची भिंत, आणि तिच्यापुढे नयन. "हे गानं बबिता आडे यायनं गायलं नाही. म्या बनवलं. त्यायले न विचारता. त्यायच्या डोक्याले जे घातलं, तेही म्याच, न समजता. ज्याच्याजवळ असल त्यानं पुसा." आवाज खरंच बारीक होता. शब्दांच्या मध्ये तो आवंढे गिळत होता, धापा टाकत होता, आणि त्यानं त्यातलं काहीही कापलं नव्हतं. खाली चाहत्यांनी त्याला हाणून घेतलं होतं. कुणी आवाजाची नक्कल केली, कुणी विचारलं, असा मस्त व्हिडिओ काढून टाकलाच कशाला बे. बबितानं नयनचा व्हिडिओ परत लावला. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा याडीनं, म्हणजे आईनं, कुशीवर वळून विचारलं, "कांई वेगो?" काय झालं? बबिता म्हणाली, काही नाही.

पण धावजी नायकांना फोनवरचं काही पटत नसे. फोनमधली पोरगी खोटी, असं फोनमधलाच पोरगा सांगतो, तर तो तरी खरा कशावरून? बोलणं तर बरोबर होतं, आणि तांड्यातल्या कुणी तरी ते व्हिडिओखाली लिहिलंही. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी, सेवालाल महाराजांच्या देवळापुढे तांडा जमला असताना, भुरभुर पावसात एक मोटारसायकल येऊन थांबली. नयन उतरला तेव्हा त्याच्या कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. छत्री त्याच्याजवळ होतीच कुठे! बबिता बायकांच्या मागे उभी होती. त्या गाण्याचे शब्द तिला आठवले, आणि तिनं पटकन दुसरीकडे पाहिलं.

"फोनातली हे पोरगी बबिता नाही म्हनतं, मंग कोनाची आहे?" नायकांनी विचारलं.

"कोनाचीच नाही जी."

"कोनाचीच नाही, अन् गाते?"

हसू उठलं. नयन गडबडला. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि हात जोडून म्हणाला, "नायक, तुमचा एक फोटो काढू काय? अन् चार शब्द बोलून घेऊ काय? तुमी हो म्हनसान तरच. इथंच दाखवतो, अन् इथंच पुसतो."

यावेळी त्यानं आधी विचारलं, हे बबितानं बरोबर हेरलं.

नायक हो म्हणाले. देवळाच्या पायरीवर तेवढी रेंज होती, तिथे नयन बसला. "काय बोलवू तुमच्याकडून?" त्यानं विचारलं. नायकांची बहीण सोनीबाई मघापासून पुढे सरकत होती, तिनं काय ते सांगून टाकलं. थोड्या वेळानं फोनमधले धावजी नायक डोळे मिचकावते झाले, मिशी हलली, आणि त्यांच्याच खणखणीत आवाजात ते म्हणाले, "नाल्याकाठचं वावर म्या आजपासून सोनीबाईले देऊन टाकलं."

"आयकलं ना सगळ्याइनं?" सोनीबाईनं पदर सावरत विचारलं.

तांडा पोट धरून हसला. आणि मग, एकेक करत, सगळे थांबले. कारण नायक हसत नव्हते. ते फोनमधल्या स्वतःकडे पाहत होते, आणि त्यांचा हात हळूच स्वतःच्या ओठांकडे गेला होता, जणू ते अजून तिथेच आहेत की नाही ते चाचपून पाहत होते. पाऊस तेवढा पत्र्यावर वाजत होता.

"म्या बोललोच नाही हे," ते म्हणाले.

"हेच जी," नयन म्हणाला. त्याचा बारीक आवाज त्या शांततेत शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "तेही गायली नाही. चूक तिची नाही, माही आहे. मले वाटलं, म्या तिचं चांगलंच करून राह्यलो. पन चांगलं दिसते म्हणून ते आपलं होत नाही. विचारलं पाहिजे होतं... नाही विचारलं."

"पुस ते."

नयननं पुसलं, आणि पुसलेलं दाखवलं. नायकांनी बराच वेळ बबिताकडे पाहिलं, तिच्या मोकळ्या केसांकडे, ज्यांत चांदीचा कणही नव्हता. त्यांना या पोरीचा पाळणा आठवला असेल. मग ते म्हणाले, "पोरीची दुरडी पह्यली ठेवा. सगळ्याइच्या पुढं."

बबिताचा बाप अमरसिंग पुढे आला. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून नयनच्या हातात दिला, डोकं पुसायला. आणि याडीनं, बसंतीबाईनं, चहा आणला तो दोन कप भरून.

तीज उगवली. अंधाऱ्या खोलीत झाकलेल्या दुरड्यांतून पिवळसर हिरवे कोंब वर आले, आणि पोरी रोज त्यांच्याभोवती फेर धरून गात राहिल्या. सरायच्या आदल्या दिवशी फॅन क्लबच्या पेजला एक मेसेज गेला. आजवर तिकडून हजार आले होते, इकडून हा पहिलाच. *उद्या तीज नाल्यात शिरवतात. या. फोन खिशात ठेवसान.*

तो आला. पोरी दुरड्या डोक्यावर घेऊन नाल्याकडे निघाल्या, गात, रडत, रडताना हसत. सगळ्यांत पुढे बबिता. तिनं सूर लावला, मागून सगळ्यांनी उचलला, आणि ते गाणं भिजल्या पऱ्हाटीवरून, तुरीवरून, पार पलीकडच्या टेकाडापर्यंत गेलं. बबितानं गाता गाता गर्दीत पाहिलं. सगळे तिच्याकडे पाहत होते. एकटा नयन पाहत नव्हता. तो बाभळीखाली उभा होता, दोन्ही हात मोकळे, डोळे मिटलेले, आणि देवळात उभं राहावं तसा ऐकत होता. दोन ओळींच्या मध्ये बबितानं श्वास घेतला... आणि तिनं पाहिलं, बाभळीखाली त्याचीही छाती त्याच वेळी वर आली.

तिचा सूर हलला. आजवर बकरीनंही जो हलवला नव्हता, तो हलला. किती मोठं असतं हे, तिला वाटलं, कुणी तरी आपल्याबरोबर श्वास घेणं!

दुरड्या नाल्यावर पोचल्या. कोंब खुडले गेले, माती पाण्यात गेली, आणि पोरी ओंजळीत तीज घेऊन वाटायला फिरू लागल्या. नायकांच्या पागोट्यात एक जुडी खोवली. अमरसिंगच्या. चुलत्यांच्या, चुलतभावांच्या. तांड्यावरचा एकही गडी सुटत नव्हता. नयननं हे पाहिलं, शर्ट नीट केला, आणि बबिता जवळ आली तशी आदरानं दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली.

बबिता त्याच्यासमोरून पुढे गेली. शेजारच्या गड्याला तीज दिली, त्याच्या शेजारच्याला दिली.

नयनची ओंजळ तशीच राहिली. मग हळूहळू खाली आली. बरोबरच आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. माफी काही अशी मागून मिळते थोडीच. तो मोटारसायकलीकडे वळला, आणि त्याचं ते वळणं पाहून बायकांत सोनीबाईनं हसू लपवायला तोंडाला पदर लावला.

"काहून निघाले?" मागून बबिता म्हणाली.

"नाही... असंच. तुमी सगळ्याइले दिली. मले वाटलं—"

तिच्या ओंजळीत शेवटची जुडी उरली होती, ओली, कोवळी. तिनं ती त्याच्यापुढे धरली. "घ्याची आहे काय? घ्या. पह्यल्या दिवशी तं मले ताईच म्हनत होते."

"म्हणजे?"

"तीज बापाले देतात, मोठ्या मानसाइले देतात," बबिता म्हणाली. डोळे खाली होते, पण आवाज तिचा स्वतःचा होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "अन् बरोबरीच्या पोराले दिली, तं तो भाऊ होते."

नयन त्या कोंबांकडे पाहत राहिला. त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं दोन्ही हात झटक्यात मागे घेतले आणि पाठीमागे घट्ट बांधून ठेवले.